अर्धस्वयंचलित पिस्तुलाची निवड : ग्लॉक व सिग-साउअर

अर्धस्वयंचलित पिस्तूल : चापाच्या प्रत्येक ओढीबरोबर एकच गोळी सुटते आणि त्या स्फोटाच्याच ऊर्जेने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन नवे काडतूस आपोआप भरले जाते, अशा हातात धरून चालविण्याच्या आखूड अग्निशस्त्रास अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणतात. चाप दाबून धरल्यास सलग गोळ्या झाडणाऱ्या शस्त्रास पूर्ण स्वयंचलित म्हटले जाते. तशी सोय येथे नसल्यामुळे ‘अर्ध’ हे विशेषण लावले जाते. १९८० नंतरच्या काळात निरनिराळ्या देशांच्या सैन्यांना व पोलीस दलांना ज्या दोन बनावटींमध्ये वारंवार निवड करावी लागली, त्या म्हणजे ऑस्ट्रियातील ग्लॉक आणि मूळची स्विस-जर्मन सिग-साउअर. या दोहोंत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न नेमबाजांमध्ये नेहमी चर्चिला जातो. निवडीचा इतिहास पाहता त्याचे एकच उत्तर मिळत नाही. चाचण्यांमुळे सदोष शस्त्रे वगळली जातात; उरलेल्या चांगल्या शस्त्रांतून एक घेताना ते बाळगण्याची रीत, चापाचे स्वरूप, मुठीचा आकार, प्रशिक्षण आणि एकूण खर्च या गोष्टी निर्णायक ठरतात. चाचणीत जी परीक्षा राहून जाते, तिचे परिणाम पुढे प्रत्यक्ष वापरात भोगावे लागतात. ग्लॉक व सिग-साउअर यांच्या निवडीत या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात.

समान कार्यतत्त्व : पिस्तुलाच्या वरच्या अंगास मागेपुढे सरकणारा जो पोलादी भाग असतो, त्यास स्लाइड म्हणतात. गोळी सुटते त्या क्षणी नळी व स्लाइड परस्परांत अडकलेल्या असतात आणि प्रत्याघाताने दोन्ही थोडे अंतर एकत्र मागे जातात. तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडते व वायूचा दाब उतरतो. मग नळीचे मागचे टोक खाली झुकून ती स्लाइडपासून सुटते. स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि परत येताना मुठीतील मॅगझीनमधून नवे काडतूस नळीच्या मागील कक्षात ढकलते. झुकणाऱ्या नळीची ही कल्पना अमेरिकन अभिकल्पक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याची आहे. ग्लॉक व सिग-साउअर या दोहोंत तिचेच सुधारलेले रूप वापरले आहे. दोहोंतही नळीचा चौकोनी मागील भाग स्लाइडवरील काडतूस फेकण्याच्या खिडकीत अडकतो. दोन्ही प्रामुख्याने ९ × १९ मिमी. काडतुसासाठी बनविली जातात आणि पूर्ण आकाराच्या नमुन्यांतील नळी ११ सेंमी.हून किंचित लांब असते. त्यामुळे गोळीचा वेग व परिणाम यांत म्हणण्यासारखा फरक राहत नाही. खरा फरक चापयंत्रणा, सांगाड्याचे साहित्य व सुरक्षा-व्यवस्था यांत आहे.

निर्माते : स्वित्झर्लंडमधील ऱ्हाईन धबधब्याजवळील नॉयहाउझेन येथे १८५३ मध्ये रेल्वेचे डबे बांधण्यासाठी निघालेला कारखाना पुढे शस्त्रनिर्मितीकडे वळला. ‘सिग’ हे त्याच्या जर्मन नावाचे आद्याक्षरी रूप होय. या कारखान्याचे पी२१० हे पिस्तूल १९४९ मध्ये स्विस सैन्याने स्वीकारले. अचूकतेसाठी त्याचा मोठा लौकिक होता. पण ते बनविण्यास महाग पडे. त्याच्या जागी स्वस्त व सोपे पिस्तूल काढताना स्विस निर्यातनिर्बंधांची अडचण आली. म्हणून जर्मनीतील साउअर या कारखान्याशी सहकार्य करण्यात आले. साउअरची स्थापना १७५१ मध्ये झूल येथे झाली असून दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे स्थलांतर एकर्नफर्ड येथे झाले होते. या सहकार्यातून निर्माण झालेले पी२२० हे पिस्तूल १९७५ मध्ये स्विस सैन्यात दाखल झाले. अमेरिकन सैन्याच्या स्पर्धेसाठी त्यात १५ काडतुसांच्या मॅगझीनची सोय करून पी२२६ तयार करण्यात आले. सिगचा शस्त्रविभाग २००० मध्ये विकला गेला. त्यानंतर या नावाच्या उद्योगाचे केंद्र क्रमाने अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यात सरकले.

ग्लॉकचा इतिहास याहून वेगळा आहे. गास्टोन ग्लॉक (१९२९–२०२३) या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या डॉइच-वाग्राम येथील कारखान्यात धातू व प्लॅस्टिक यांच्या वस्तू तयार होत. सैन्यासाठी चाकूही बनविले जात. पिस्तूल बनविण्याचा त्याला अनुभव नव्हता. ऑस्ट्रियन सैन्याला नवे पिस्तूल हवे असल्याचे कळल्यावर त्याने जाणकारांचा सल्ला घेऊन काम सुरू केले आणि १९८१ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. १९८२ मध्ये त्याचे पिस्तूल पी८० या नावाने ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारले. ग्लॉक १७ म्हणून ते जगभर प्रसिद्ध झाले. त्याच्या मॅगझीनमध्ये १७ काडतुसे मावतात. पुढे नॉर्वे व स्वीडन या देशांच्या सैन्यांनीही ते घेतले. जुन्या घडणीची सवय नसल्यामुळेच ग्लॉकला रूढ भाग वगळण्याचे धाडस करता आले, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

चापयंत्रणा : पी२२६ मध्ये मागच्या बाजूस उघडा घोडा असतो. पिस्तूल भरून घोडा खाली उतरवून ठेवता येतो व त्यासाठी डाव्या बाजूस एक खटका असतो. पहिली गोळी झाडताना चापाच्या लांब ओढीने घोडा आधी मागे ताणला जातो आणि मग सुटतो. या ओढीस सु. ४.५ किग्रॅ. भाराइतका जोर लागतो. गोळी सुटताच स्लाइड मागे येऊन घोडा ताणून ठेवते. त्यामुळे दुसऱ्या गोळीपासून ओढ आखूड होते आणि जोर सु. २ किग्रॅ.वर येतो. पहिली ओढ जड असल्याने घाबरलेल्या माणसाच्या बोटाच्या अनवधान हालचालीने गोळी सुटण्याची शक्यता कमी असते. नंतरच्या हलक्या ओढीमुळे नेम सुधारतो. मात्र एकाच पिस्तुलातील दोन प्रकारच्या ओढींची सवय करावी लागते. पहिली गोळी खाली वा बाजूस जाणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. गोळीबार थांबल्यावर घोडा उतरवून मगच पिस्तूल म्यानात ठेवावे, हेही अंगवळणी पडावे लागते.

ग्लॉकमध्ये घोडा नाही व अंगठ्याने फिरवावयाचा सुरक्षा-खटकाही नाही. काडतुसाच्या बुडावर आघात करणारी पिन स्प्रिंगच्या बळाने अर्धवट ताणलेली राहते. चाप ओढताना ती पूर्ण ताणली जाऊन सुटते. प्रत्येक ओढ सारखीच असून तिला सु. २.५ किग्रॅ. जोर लागतो. सुरक्षेसाठी आत तीन अडथळे असतात. चापाच्या मध्यभागी एक लहान पट्टी असते व बोटाने ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे येत नाही. दुसरा अडथळा आघात-पिनचा मार्ग रोखतो. तिसरा पिस्तूल पडले असता पिनला धरून ठेवतो. चाप ओढताच हे तिन्ही क्रमाने दूर होतात व चाप सोडताच पुन्हा जागेवर येतात. शिकण्यास सोपी व नेहमी एकसारखी वागणारी अशी ही यंत्रणा आहे. मात्र चापावर बोट, कापडाची चुणी वा म्यानाची कड अडकली, तर ही व्यवस्था त्यास हेतुपुरस्सर ओढच समजते. शिवाय ग्लॉक साफसफाईसाठी सुटे करण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. कक्षात काडतूस राहिले असल्यास त्या वेळी गोळी सुटते. पी२२६ सुटे करताना चाप ओढावा लागत नाही. वॉशिंग्टन डी. सी. येथील पोलिसांनी १९८८ मध्ये ग्लॉक स्वीकारली. त्यानंतरच्या दहा वर्षांत तेथे अनवधानाने गोळी सुटण्याच्या शंभरावर घटना घडल्याचे वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने १९९८ मध्ये दाखवून दिले. पिस्तुलात यांत्रिक दोष नव्हता. अपुरे प्रशिक्षण व चापावर बोट ठेवण्याची सवय ही कारणे पुढे आली.

साहित्य व घडण : पी२२६ चा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर ग्लॉकचा बहुवारिकाचा म्हणजे प्रबलित प्लॅस्टिकचा असतो. रिकाम्या मॅगझीनसह पी२२६ सु. ९६० ग्रॅ., तर ग्लॉक १७ सु. ७०० ग्रॅ. भरते. दिवसभर कमरेला पिस्तूल बाळगणाऱ्यास हा पाव किलोचा फरक जाणवतो. उलट, जड पिस्तुलाचा झटका हाताला कमी बसतो व नेम लवकर पूर्ववत होतो. प्लॅस्टिकला गंज लागत नाही आणि थंडीवाऱ्यात ते धातूइतके गार पडत नाही. ग्लॉकमध्ये सुट्या भागांची संख्या कमी असून ते हाताने न घासता बदलता येतात. त्यामुळे दलाच्या शस्त्रागारातील दुरुस्तीचे काम सोपे होते. १९८० नंतरच्या दशकात हे ‘प्लॅस्टिकचे पिस्तूल’ विमानतळावरील तपासणीत सापडणार नाही, अशी भीती अमेरिकेत व्यक्त झाली होती. ती निराधार होती. ग्लॉकच्या वजनाचा बहुतांश भाग पोलादी स्लाइड व नळी यांचाच असतो.

निवडीचे प्रमुख दाखले : दोन पिस्तुलांतून एक निवडण्याची आधुनिक पद्धत अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये रूढ केली. मार्चमध्ये कोल्ट व सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. दर १०० गोळ्यांनंतर पाच मिनिटांची विश्रांती व दर १,००० गोळ्यांनंतर साफसफाई, असा क्रम होता. ब्राउनिंगने अभिकल्पिलेले कोल्ट पिस्तूल एकदाही अडले नाही. सॅव्हेज ३७ वेळा अडले. निकाल निर्विवाद होता. कोल्टचे ते पिस्तूल एम१९११ या नावाने सात दशकांहून अधिक काळ सैन्यात राहिले.

त्याच्या जागी ९ मिमी. पिस्तूल घेण्यासाठी १९८४ मध्ये झालेल्या स्पर्धेत निकाल इतका सरळ लागला नाही. अनेक देशांच्या कंपन्यांनी भाग घेतला. ग्लॉक त्यांत नव्हती. चाचण्यांअखेर इटलीचे बेरेटा ९२ व सिग-साउअर पी२२६ ही दोनच पिस्तुले समाधानकारक ठरली. मग किंमत निर्णायक ठरली. एका पिस्तुलाची किंमत पाहता सिग-साउअर सु. २ डॉलरने स्वस्त होते. पण मॅगझीन व सुटे भाग धरून एकूण पुरवठ्याचा खर्च बेरेटाचा कमी भरला. जानेवारी १९८५ मध्ये तीन लाखांहून अधिक पिस्तुलांचे कंत्राट बेरेटास मिळाले व ते पिस्तूल एम९ म्हणून दाखल झाले. १९८७ व १९८८ मध्ये काही बेरेटा पिस्तुलांच्या स्लाइड तुटून मागचा तुकडा उडाला आणि नौदलाचे सैनिक चेहऱ्यास जखमी झाले. धातूचा ठिसूळपणा व काडतुसांचा अतिरिक्त दाब यांवरून वाद झाला. अखेर तुटलेला तुकडा मागे उडू नये म्हणून घोड्याच्या आसाचे डोके मोठे करण्यात आले. नौदलाच्या ‘सील’ पथकांनी मात्र पी२२६ पसंत केले. म्हणजे एकाच देशाच्या सेनादलांत दोन्ही उत्तरे ग्राह्य ठरली.

पोलीस दलांत रिव्हॉल्व्हरकडून अर्धस्वयंचलित पिस्तुलाकडे जाण्याचा ओघ अमेरिकेत १९८६ नंतर वाढला. त्या वर्षी ११ एप्रिल रोजी मायामी येथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफ. बी. आय. या केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. बहुतेकांजवळ सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरे होती व ती पुन्हा भरण्यास लागणारा वेळ घातक ठरला. एफ. बी. आय.ने १९९७ मध्ये ०.४० इंची ग्लॉक पिस्तुले घेतली आणि २०१६ मध्ये पुन्हा ९ मिमी.ची ग्लॉकच निवडली.

न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९९३ मध्ये वेगळा मार्ग काढला. ग्लॉक १९, सिग-साउअर पी२२६ व स्मिथ अँड वेसनचा एक नमुना यांपैकी कोणतेही पिस्तूल घेण्याची मुभा त्यांनी शिपायास दिली. हातास जे बसेल ते त्याने घ्यावे, हा हेतू होता. चापाचा प्रकार मात्र दलाने ठरविला. पी२२६ ची यंत्रणा अशी बदलण्यात आली, की प्रत्येक ओढ लांब व जड राहावी. ग्लॉकमध्ये सु. ५.४ किग्रॅ. जोर लागेल अशी कडक स्प्रिंग बसविण्यात आली. रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्या हातांना हे सुरक्षित वाटले. पण जड चापाने नेम बिघडतो, ही तक्रार राहिली. रँड या संस्थेने २००८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, १९९८ ते २००६ या काळात दोन्ही बाजूंनी गोळीबार झालेल्या प्रसंगी न्यूयॉर्क पोलिसांच्या फक्त १८ टक्के गोळ्या लक्ष्यावर बसल्या. प्रतिपक्षाने गोळीबार केला नसता हे प्रमाण ३० टक्के होते. चुकलेली प्रत्येक गोळी शहराच्या रस्त्यात कोठेतरी जाते, हे लक्षात घेता या आकड्यांचे गांभीर्य कळते. अहवालात वास्तवसदृश प्रसंगांच्या सरावावर भर असून हलक्या चापाचा विचार करण्याचीही शिफारस आहे.

ब्रिटनने जानेवारी २०१३ मध्ये जुन्या ब्राउनिंग पिस्तुलांऐवजी २५,००० हून अधिक ग्लॉक १७ पिस्तुले सु. ९० लाख पौंडांना घेण्याचे ठरविले. ब्राउनिंगचा घोडा ताणून सुरक्षा-खटक्याच्या भरवशावर ते बाळगणे धोक्याचे मानले जाई. म्हणून कक्ष रिकामा ठेवण्याची रीत होती आणि अफगाणिस्तानात अचानक समोर येणाऱ्या शत्रूपुढे नवे काडतूस भरण्याइतका वेळ मिळत नसे. ग्लॉक भरलेल्या स्थितीत म्यानात ठेवता येते, हा गुण तेथे निर्णायक ठरला. फ्रान्सनेही २०२० मध्ये आपल्या सैन्यासाठी सु. ७५,००० ग्लॉक १७ पिस्तुलांची निवड केली.

एम१७ चे प्रकरण : दोन्ही कंपन्या अंतिम फेरीत थेट समोरासमोर आल्या त्या अमेरिकन सैन्याच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत. सैन्यास निरनिराळ्या आकारांच्या हातांसाठी मूठ बदलता येईल असे पिस्तूल हवे होते. सिग-साउअरने पी२२६ ऐवजी पी३२० हा २०१४ मध्ये बाजारात आणलेला नमुना पुढे केला. त्यातही बहुवारिकाचा सांगाडा व घोड्याविना चालणारी यंत्रणा आहे. म्हणजे ग्लॉकने घालून दिलेल्या वाटेनेच प्रतिस्पर्धी आला होता. पी३२० ची चापयंत्रणा हा एक सुटा पोलादी संच असून तो लहानमोठ्या मुठींत बसविता येतो. १९ जानेवारी २०१७ रोजी सिग-साउअरची निवड झाली. कंत्राटाची कमाल मर्यादा ५८ कोटी डॉलर होती. पिस्तुलास एम१७ व त्याच्या आखूड रूपास एम१८ ही नावे मिळाली.

ग्लॉकने या निर्णयाविरुद्ध अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाकडे दाद मागितली. आरंभीच्या चाचण्यांनंतर सैन्याने पुढील अधिक कठोर चाचण्या केल्याच नाहीत, हा तिचा मुख्य आक्षेप होता. कार्यालयाने ५ जून २०१७ रोजी तो फेटाळला. मूल्यमापनात सिग-साउअरची किंमत सु. १६.९५ कोटी, तर ग्लॉकची सु. २७.२२ कोटी डॉलर धरली होती. तांत्रिक बाबतींत दोन्ही प्रस्ताव जवळपास समान मानले गेले असता दहा कोटी डॉलरांचा हा फरक दुर्लक्षिता येण्याजोगा नव्हता. नियमांच्या दृष्टीने निर्णय योग्य ठरला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, पी३२० चा नागरी नमुना विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडल्यास गोळी सुटू शकते, असे स्वतंत्र परीक्षकांनी दाखविले. पडताना पिस्तूल एकाएकी थांबते, पण वजनदार चाप जडत्वामुळे मागे सरकत राहतो. पिस्तुलाच्या दृष्टीने ती चापाची ओढच होते. ग्लॉकच्या चापातील मधली पट्टी नेमकी हीच हालचाल रोखते. पी३२० मध्ये तशी पट्टी नव्हती. शिवाय पी३२० ची आघात-पिन चाप ओढण्यापूर्वीच जवळजवळ पूर्ण ताणलेली असते. कंपनीने ८ ऑगस्ट २०१७ रोजी ऐच्छिक सुधारणा जाहीर करून हलका चाप व बदललेले अंतर्गत भाग बसवून देण्यास प्रारंभ केला. पडण्याच्या चाचणीत हाच दोष सैन्याच्या नमुन्यातही आढळला होता आणि चापयंत्रणेचे भाग हलके करून तो दूर करण्यात आला, असे अमेरिकन संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाच्या अहवालात नमूद आहे.

पुढील वर्षांत चाप न ओढता पी३२० मधून गोळी सुटल्याचे आरोप करणारे अनेक दावे अमेरिकन न्यायालयांत दाखल झाले. काहींचे निकाल कंपनीच्या विरुद्ध, तर काहींचे तिच्या बाजूने लागले. पिस्तूल आपोआप सुटते हा आरोप कंपनीने सातत्याने नाकारला आहे. जुलै २०२५ मध्ये एका हवाई तळावर सैनिकाचा मृत्यू झाल्यावर अमेरिकन हवाई दलाच्या एका कमांडने एम१८ चा वापर थांबविला. त्या घटनेच्या तपासात एका सहकाऱ्यास अटक झाली. सर्व पिस्तुलांची तपासणी करून ऑगस्टमध्ये वापर पुन्हा सुरू करण्यात आला. कोणत्या अपघातास यंत्र जबाबदार व कोणत्या अपघातास माणूस, हे मागाहून ठरविणे किती कठीण असते, याचे हे प्रकरण उदाहरण होय.

निवडीचे निकष : वरील दाखल्यांवरून काही निकष हाती लागतात. (१) विश्वसनीयता : ज्या काडतुसांचा प्रत्यक्ष वापर होणार आहे, तीच वापरून हजारो गोळ्यांची चाचणी घ्यावी लागते. ग्लॉक व सिग-साउअर दोन्ही ही परीक्षा चांगल्या रीतीने पार करतात. (२) अपघाती सुरक्षा : पडणे, आपटणे व कपड्यात अडकणे यांच्या चाचण्या निरनिराळ्या कोनांतून घेणे आवश्यक असते. एका ठराविक कोनातून घेतलेली चाचणी पुरेशी नसते, हे एम१७ च्या प्रकरणाने दाखविले. (३) बाळगण्याची रीत : भरलेले पिस्तूल सतत म्यानात बाळगणाऱ्या व एकाच प्रकारची ओढ हव्या असलेल्या दलास ग्लॉक सोयीचे ठरते. पहिली ओढ जड असावी असे वाटणाऱ्या आणि घोडा उतरविण्याची शिस्त पाळू शकणाऱ्या दलास पी२२६ योग्य वाटते. (४) हाताचा आकार : मॅगझीनमध्ये काडतुसे दुहेरी रांगेत असल्याने दोहोंची मूठ जाड असते. लहान हाताच्या व्यक्तीस पी२२६ ची लांब पहिली ओढ अवघड जाते. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून मुठीच्या पाठीवर बदलत्या पट्ट्या आल्या, तर पी३२० मध्ये संपूर्ण मूठच बदलता येते. (५) एकूण खर्च : पिस्तुलाच्या किंमतीबरोबर मॅगझीन, सुटे भाग, म्यान, दुरुस्ती व सरावाची काडतुसे यांचा हिशेब करावा लागतो. (६) प्रशिक्षण : हा निकष सर्वांत महत्त्वाचा होय. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि सुटे करण्यापूर्वी कक्ष रिकामा असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करणे, या सवयींची उणीव कोणत्याही बनावटीने भरून निघत नाही. जुने पिस्तूल बदलून नवे देताना सरावासाठी पुरेसा काळ न दिल्यास अपघात वाढतात, असा अनुभव आहे.

भारत : भारतीय सेनादलांतील रूढ पिस्तूल ब्राउनिंगच्याच परंपरेतील आहे. कॅनडात बनलेल्या ब्राउनिंग पिस्तुलावर आधारलेले ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी. १ए’ पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होते. त्याच्या मॅगझीनमध्ये १३ काडतुसे मावतात आणि प्रत्येक गोळीपूर्वी घोडा ताणलेला असणे आवश्यक असते. काही विशेष दलांकडे आयात केलेली ग्लॉक पिस्तुले आहेत. सिग-साउअरचे नाव भारतात मुख्यत्वे रायफलींमुळे परिचित झाले; भूदलाने २०१९ मध्ये या कंपनीशी ७२,४०० रायफलींचा करार केला. लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या निर्मितीत पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्याचे (स्थापना १८६९) स्थान महत्त्वाचे आहे. २०२१ मधील पुनर्रचनेनंतर तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीचा भाग झाला. पुण्यातीलच शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने महू येथील इन्फंट्री स्कूलच्या सहकार्याने २०२१ मध्ये ‘अस्मी’ हे ९ मिमी. मशीन पिस्तूल सादर केले. त्याचा खालचा सांगाडा कार्बन तंतूंचा आहे. वजन कमी करण्यासाठी धातूऐवजी अन्य साहित्य वापरण्याचा प्रवाह येथेही दिसतो.

खासगी व्यक्तीपुढे ग्लॉक की सिग-साउअर हा प्रश्न भारतात सहसा उद्‌भवत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. ९ मिमी. हा निषिद्ध व्यास असल्याने सामान्य परवानाधारकास त्या व्यासाचे पिस्तूल घेता येत नाही, त्याला ०.३२ इंचासारख्या अनुज्ञात व्यासांवर समाधान मानावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली असून परवानाधारक नेमबाजपटूंना वेगळी सवलत आहे. त्यामुळे येथे ही निवड मुख्यतः शासन व सशस्त्र दले यांच्या हाती राहते, आणि खरेदीपूर्वी घेतलेल्या चाचण्यांची व खरेदीनंतरच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही त्यांच्याचकडे राहते.